इंजिन आहे, पण पट कुठे आहे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून घरी काही मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यांचे डाव तपासता यावेत म्हणून मी माझ्या 2012 सालच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश हे इंजिन डाउनलोड केले. डबल-क्लिक केले की एक काळी खिडकी उघडते आणि लगेच मिटते. पट काही दिसत नाही. अरेना या प्रोग्रामला ते जोडून पाहिले, तर तेथेही इंजिन सुरू होत नाही. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पट न दिसण्यात आपली काहीच चूक नाही, कारण इंजिनाला पट नसतोच. इंजिन पडद्याआड बसून केवळ चाली मोजते; पट, मोहरी आणि घड्याळ दाखवण्याचे काम अरेनासारख्या इंटरफेसचे असते, आणि या दोघांमध्ये साध्या मजकुराच्या ओळींची देवाणघेवाण चालते. पूर्वी बरीच इंजिने विनबोर्ड या जुन्या इंटरफेसच्या पद्धतीने बोलत, आणि नवे इंजिन जोडण्यासाठी विनबोर्डच्या आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या नावाची व फोल्डरची ओळ हाताने लिहावी लागे. एखादे अवतरणचिन्ह राहून गेले तरी सगळे अडत असे. नोव्हेंबर 2000 मध्ये रुडॉल्फ ह्युबर आणि श्रेडर या इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-कालेन यांनी यूसीआय (युनिव्हर्सल चेस इंटरफेस) हा या देवाणघेवाणीचा संकेत जाहीर केला. इंटरफेसने ‘यूसीआय’ एवढा शब्द पाठवला की इंजिन आपले नाव, कर्त्याचे नाव आणि आपल्या प्रत्येक सेटिंगचा प्रकार, मूळ मूल्य व मर्यादा सांगते आणि ‘यूसीआयओके’ म्हणून थांबते. त्यामुळे पूर्वी कधीही न पाहिलेल्या इंजिनासाठीसुद्धा इंटरफेस सेटिंगची खिडकी स्वतः तयार करू शकतो. यूसीआयची खरी करामत मला तरी हीच वाटते.

मात्र इंजिनाची फाइल कोठून आणावी, कोठे ठेवावी आणि आपल्या प्रोसेसरवर कोणती चालेल, याबद्दल हा संकेत काहीच सांगत नाही, आणि आपले घोडे नेमके तेथेच अडले आहे. स्टॉकफिशच्या वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळ्या फाइली मिळतात. आपण बहुधा एव्हीएक्स 2 किंवा बीएमआय 2 असे नाव असलेली फाइल घेतली असावी. ही प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांच्या संचांची नावे आहेत. त्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरांत 2013 पासून येऊ लागल्या, आणि स्वस्तातल्या कित्येक पेंटियम व सेलेरॉन प्रोसेसरांत तर त्यानंतरही नव्हत्या. ओळखीची नसलेली सूचना समोर आली की प्रोग्राम तत्काळ बंद पडतो, म्हणूनच खिडकी मिटते. नावात एसएसई 4.1 व पॉपसीएनटी या जुन्या सूचना असलेली फाइल घ्यावी. तिचा वेग थोडा कमी असेल, पण मुलांच्या डावांसाठी तोही गरजेपेक्षा फार जास्त आहे.

झिप फाइल आधी पूर्ण उलगडून इंजिन एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवावे, कारण इंटरफेस इंजिनाची प्रत करून घेत नाही, तर फक्त पत्ता लक्षात ठेवतो, आणि डाउनलोडचा फोल्डर साफ केला की इंजिनही जाते. नंतर डबल-क्लिक करून काळ्या खिडकीत ‘यूसीआय’ हा शब्द लहान रोमन अक्षरांत टाइप करावा. शेवटी ‘यूसीआयओके’ उमटले, तर इंजिन ठीक आहे. मग अरेनाच्या इंजिन्स मेनूतून ‘इन्स्टॉल न्यू इंजिन’ निवडून ती फाइल दाखवावी आणि प्रकार विचारल्यास यूसीआय सांगावा.

प्रश्न : जुन्या फोनवर इंजिनाची फाइल पटाच्या ॲपमध्ये घेतली की ती चालत असे. नव्या अँड्रॉइड फोनवर ती का चालत नाही?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : अँड्रॉइड 10 पासून, त्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिता येण्याजोग्या फोल्डरमधील फाइल प्रोग्राम म्हणून चालवता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. यावर उपाय म्हणजे आर्ट बिक यांची ओपन एक्स्चेंज पद्धत : इंजिनच एक स्वतंत्र ॲप म्हणून बांधलेले असते, आणि ते फोनमध्ये बसवले की ही पद्धत पाळणारे पटाचे ॲप त्याला आपोआप शोधून काढते. संगणकावर काही इंटरफेस इंजिन स्वतः डाउनलोड करून देतात खरे, पण ती सोय त्या त्या इंटरफेसपुरतीच असते. या बाबतीत फोन संगणकाच्या पुढे गेला आहे.

प्रश्न : मी पायथनमध्ये छोटे इंजिन लिहिले आहे. हाताने आज्ञा टाइप केल्या तर ते बरोबर उत्तरे देते, पण इंटरफेसला जोडले की गप्प बसते. ते कोणालाही सहज बसवता यावे, यासाठी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचे इंजिन गप्प बसत नाही, त्याची उत्तरे वाटेत अडकतात. खिडकीत लिहिताना प्रत्येक ओळ लगेच बाहेर पडते, पण दुसऱ्या प्रोग्रामला पाठवताना ती आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमते, आणि तो भरेपर्यंत इंटरफेसचा धीर सुटतो. प्रत्येक प्रिंटबरोबर फ्लश करा, म्हणजे साठलेले लगेच बाहेर पाठवा. दुसरे असे की, बरेच इंटरफेस पायथनची फाइल थेट सुरू करू शकत नाहीत, तेव्हा पायइन्स्टॉलर या साधनाने तिची एक चालणारी फाइल करून द्या.

सुरुवातीच्या चालींचे पुस्तक किंवा अन्य फाइल लागत असेल, तर ती इंजिन जेथे आहे त्या फोल्डरमध्ये शोधा, चालू फोल्डरमध्ये नव्हे. इंटरफेस इंजिनाला कोणत्या फोल्डरमधून हाक मारेल याचा भरवसा नसतो. शक्य असेल तर सगळे एकाच फाइलमध्ये सामावून टाका. स्टॉकफिशचे न्यूरल नेटवर्क, म्हणजे पटावरची स्थिती जोखणारा भाग, त्याच्या फाइलमध्येच असते, म्हणून ते इंजिन दाखवले की चालते. लीला चेस झिरो या इंजिनाला मात्र वेट्सची, म्हणजे त्याच्या नेटवर्कमधील आकड्यांची, वेगळी फाइल लागते आणि नवखा माणूस बहुतेक वेळा तेथेच अडखळतो.

आणखी एक गोष्ट. ‘क्विट’ ही आज्ञा आली, किंवा इंटरफेस मध्येच बंद पडून येणाऱ्या ओळी संपल्या, तर इंजिनाने स्वतःहून बंद व्हावे, नाहीतर ते मागे चालूच राहते आणि लॅपटॉप का तापतो आहे हे वापरणाऱ्याला कळत नाही.