वाचकांचे प्रश्न : धर्मशिक्षणात पॉडकास्टचे स्थान

प्रश्न : मी वसईतील एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरण संस्काराची (कन्फर्मेशनची) तयारी करणाऱ्या मुलांचा रविवारचा धर्मशिक्षण वर्ग घेते. मुले आठवी-नववीतील आहेत. शाळेचे माध्यम इंग्रजी, घरी बोली सामवेदी किंवा मराठी. आठवड्यातून मिळणारा एक तास हजेरी, प्रार्थना आणि पाठांतर यांतच सरतो. अमेरिकेतील फादर माइक श्मिट्झ यांचा बायबलवरील पॉडकास्ट मी स्वतः ऐकते आणि मला त्याचा लाभ झाला आहे. तोच मुलांना वर्गात लावला किंवा घरी ऐकायला सांगितला, तर चालेल का? काही पालकांचा मोबाइलला विरोध आहे.

उत्तर : तुम्ही स्वतः ऐकता, ही तुमच्या पत्रातील सर्वांत आश्वासक गोष्ट आहे. पॉडकास्टचा पहिला श्रोता धर्मशिक्षक असावा, मग पालक आणि त्यांच्यानंतर मूल, असा क्रम मला योग्य वाटतो. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

ही मालिका असेन्शन या कॅथलिक प्रकाशन संस्थेने १ जानेवारी २०२१ रोजी सुरू केली. तिचे ३६५ भाग असून बहुतेक भाग वीस-पंचवीस मिनिटांचे आहेत. प्रत्येक भागात बायबलमधील दोन-तीन उतारे, एक प्रार्थना आणि त्या उताऱ्यांचे विवेचन असते. छापील बायबलमधील पुस्तकांचा क्रम तिने बाजूला ठेवला आहे आणि जेफ कॅव्हिन्स यांनी आखलेल्या तारणेतिहासाच्या, म्हणजे देवाने माणसाचे तारण कसे केले त्या कथेच्या, कालपटाप्रमाणे चौदा कथनात्मक पुस्तकांचा धागा धरून बाकीची पुस्तके त्या त्या काळाशी जोडली आहेत. त्यामुळे यिर्मया संदेष्टा कोणत्या राजांच्या काळात आणि कोणत्या संकटाच्या छायेत बोलत होता, हे श्रोत्याला ओघातच कळते. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले अनेक जण लेवीय किंवा गणना या पुस्तकांपाशी थांबतात. तेथेही रोज भेटणारा ओळखीचा आवाज त्यांना पुढे नेतो. हे या मालिकेचे मोठे सामर्थ्य आहे, पण ते सातत्यातून येते. वर्षभर ऐकणाऱ्या प्रौढाला जे मिळते, ते रविवारी एखादा सुटा भाग ऐकणाऱ्या मुलाला मिळणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी मोरियाच्या डोंगराकडे निघतो, हे ऐकताना तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनात पहिली शंका उठते ती अशी, की देव बापाला असे सांगूच कसे शकतो. त्या क्षणी तिचा उच्चार व्हावा लागतो, ती कोणीतरी गंभीरपणे ऐकून घ्यावी लागते आणि कधी कधी, ‘मलाही हा प्रसंग कठीण वाटतो, आपण फादरांना विचारू,’ असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. ध्वनिमुद्रित आवाज कितीही प्रेमळ असला तरी तो पुढच्या वाक्याकडे निघून जातो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. वाचलेले कळते का, असे फिलिप त्याला विचारतो, तेव्हा कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे कळणार, असे उत्तर देऊन तो फिलिपला वर बोलावून शेजारी बसवतो. धर्मशिक्षकाची जागा तीच, शेजारची. ती कोणत्याही ॲपला देता येणार नाही.

म्हणून वर्गात पूर्ण भाग लावू नका. आठवड्यात तुम्ही भाग ऐका, त्यातील चार-पाच मिनिटांचा तुकडा निवडा आणि तो लावण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न द्या, म्हणजे कान कशाचा शोध घेत आहेत हे त्यांना ठाऊक राहील. समोर बायबल उघडे असू द्या. ऐकून झाल्यावर एकाने तो प्रसंग मराठीत किंवा सामवेदीत सांगावा, कारण ज्या भाषेत मूल आईशी बोलते आणि झोपताना प्रार्थना करते, त्या भाषेत श्रद्धा उतरली नाही तर ती शाळेतल्या एका विषयासारखी दूर राहते. या एका कृतीला पाठांतराहून अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांचा विरोध मोबाइलच्या पडद्याला आहे आणि तो रास्त आहे. मुलांच्या हाती फोन देण्याची गरज नाही. भाग आधी डाउनलोड करून घ्या आणि लहान स्पीकरवर लावा. शक्य झाल्यास पालकांनाच ऐकायला सांगा. वसईहून लोकलने चर्चगेटला जाणाऱ्याचा एका बाजूचा प्रवासच तासाभराहून अधिक असतो. संध्याकाळच्या रोझरीनंतर त्यांनी ऐकलेल्यापैकी एकच गोष्ट घरात सांगितली, तरी पुरे.

एक उणीव मात्र तुम्हालाच भरून काढावी लागेल. अमेरिकी श्रोत्यांसाठी केलेल्या कार्यक्रमातील उदाहरणे तेथील जीवनातून येतात, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून सेवा करणारे, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह हौतात्म्य पत्करणारे आणि १८६२ साली संतपदी घोषित झालेले गोन्सालो गार्सिया त्यात सहसा भेटणार नाहीत. त्यांच्यावर तुमच्या मुलांनीच पाच मिनिटांचा भाग तयार करावा. माहिती शोधणे, लिहिणे, घरातील ज्येष्ठांना विचारणे आणि शेवटी बोलणे, यात मुले जेवढे शिकतील तेवढे नुसत्या ऐकण्यातून शिकणार नाहीत. तो भाग सार्वजनिक करायचा असेल, तर धर्मगुरूंना आधी ऐकवा, पालकांची लेखी संमती घ्या, मुलांची पूर्ण नावे देऊ नका आणि बायबलच्या भाषांतराचा मोठा उतारा वाचणार असाल तर प्रकाशकाची परवानगी मागा.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त परदेशात आहोत. मुलगी सात वर्षांची आहे. येथील चर्चमधील वर्ग दूर आहे. घरी चांगला पॉडकास्ट ऐकवून तिची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (कम्युनियनची) तयारी पूर्ण करता येईल का?

उत्तर : तयारीचा मोठा भाग घरीच व्हावा, ही ख्रिस्तसभेचीच अपेक्षा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. परंतु ख्रिस्तप्रसाद हा समुदायाच्या मेजावरचा संस्कार आहे आणि तुमच्या मुलीला ते मेज, तो समुदाय व तेथील धर्मगुरू ओळखीचे वाटायला हवेत. इंटरनेटवर संस्कार नसतात, असे व्हॅटिकनच्या समाजसंपर्क परिषदेने २००२ सालीच सांगितले आहे. तेव्हा तेथील धर्मगुरूंना भेटून अंतराची अडचण मोकळेपणाने सांगा आणि वर्गाला केव्हा व किती वेळा येणे शक्य आहे, हे त्यांच्याशी ठरवून घ्या.

सात वर्षांच्या मुलीसाठी अनोळखी निवेदकापेक्षा आजी-आजोबांचा आवाज अधिक मोलाचा आहे. ते मायदेशी असतील, तर त्यांच्याकडून ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना, पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची आठवण, असे दोन-तीन मिनिटांचे तुकडे व्हॉट्सॲपवर मागवा. ते जपून ठेवा. पुढे धाकट्या भावंडांनाही उपयोगी पडतील.

प्रश्न : दृष्टी मंदावल्यामुळे मला आता बायबल वाचता येत नाही. नुसते ऐकणे कमी प्रतीचे ठरते का?

उत्तर : मुळीच नाही. मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधील ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत, बायबलमधील वाचनपाठ आपण ऐकतोच. मराठीपुरते पाहिले, तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात रचलेले आणि १६१६ साली राशोल येथे छापलेले क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे, ते समुदायात गाऊन ऐकवता यावे म्हणूनच. आपण निःशंकपणे ऐकावे. फक्त बायबलचे ध्वनिमुद्रण निवडताना त्यात कॅथलिक बायबलची सर्व ७३ पुस्तके आहेत का, हे कोणाकडून तरी पाहून घ्या. पुष्कळ ध्वनिमुद्रणे ६६ पुस्तकांची असतात आणि त्यांत तोबीत, सिराख, मक्काबी ही पुस्तके मिळत नाहीत.

प्रश्न : ‘कॅथलिक’ म्हणवणारे पॉडकास्ट पुष्कळ आहेत. विश्वासार्ह कोणता, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : धर्मशिक्षणाच्या छापील पुस्तकाला बिशपांची मान्यता लागते आणि ती पुस्तकात नोंदवलेली असते, पॉडकास्टवर सहसा अशी खूण नसते, त्यामुळे जबाबदारी आपल्यावर येते. वक्ता कोण आहे, कोणत्या धर्मप्रांताशी किंवा संघाशी उत्तरदायी आहे, हे पाहा. तो ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाचा (कॅटेकिझमचा) आधार देतो का, हे पाहा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातील २८६५ परिच्छेद क्रमांकित असल्याने पडताळा घेणे सोपे आहे. श्मिट्झ यांनी २०२३ मध्ये त्याच ग्रंथावर वर्षभराची मालिका केली, तिचा धर्मशिक्षकांना विशेष उपयोग होईल.

वक्त्याच्या सुराकडेही लक्ष द्या. पोप आणि दुसरी व्हॅटिकन परिषद यांच्याविषयी संशय पेरणारा, किंवा अन्य धर्मीयांविषयी तुच्छतेने बोलणारा कार्यक्रम, त्याचे श्रोते लाखोंनी असले तरी, घरात लावू नये. ज्या मुलांचे शेजारी आणि वर्गमित्र हिंदू, मुस्लिम, जैन आहेत, त्यांच्या कानावर असा सूर पडू देणे मला गैर वाटते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशी त्याच परिषदेची १९६५ ची शिकवण आहे. शंका राहिल्यास त्या भागाचे नाव आणि ज्या मिनिटाला आक्षेपार्ह विधान आले ते मिनिट टिपून आपल्या धर्मगुरूंना दाखवा. मोघम तक्रारीपेक्षा त्यावर उत्तर देणे त्यांना सोपे जाईल.