तीन डोमेन, एक मॉनिटरिंग सर्व्हर: लॉगिन ठेवायचं कुठे?

तुमची रचना मला समजली ती अशी. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (विंडोज नेटवर्कमधली अकाउंट आणि मशीन सांभाळणारी व्यवस्था) तीन डोमेन आहेत, त्यांच्यात ट्रस्ट नाही, म्हणजे एकाचं लॉगिन दुसऱ्यात चालत नाही. पहिल्या डोमेनमध्ये सगळ्या मशीनवर लक्ष ठेवणारा मॉनिटरिंग सर्व्हर आहे, आणि तिन्हीकडे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं, डोमेन अ‍ॅडमिन हक्क असलेलं अकाउंट आहे. हे पासवर्ड नीट कसे सांभाळायचे, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं असं की ते त्या सर्व्हरवर असूच नयेत. डोमेनची हद्द मोजमापांनी ओलांडावी, पासवर्डने नाही.

कारण साधं आहे. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरला दुसऱ्या मशीनवर स्वतः लॉगिन करायचं असतं, त्यामुळे पासवर्ड परत वाचता येईल अशाच रूपात ठेवावा लागतो. डेटाबेसमध्ये तो एन्क्रिप्ट केलेला दिसतो, पण उलगडायची किल्ली सहसा त्याच मशीनवर असते. म्हणजे आज ज्याच्याकडे तुमच्या मॉनिटरिंग सर्व्हरचे अ‍ॅडमिन हक्क आहेत, त्याच्या हातात तिन्ही डोमेन आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं, तेव्हा अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने सरकारी कार्यालयांना दिलेला आदेश आठवून बघा. त्यात म्हटलं होतं: ओरायन ज्यांच्यावर लक्ष ठेवत होतं ती सगळी मशीन हल्लेखोरांच्या ताब्यात गेली आहेत असं धरा, आणि त्यात साठवलेले सगळे पासवर्ड बदला. तुमच्यावर ती वेळ आली तर काय काय बदलावं लागेल याची यादी आजच करून बघा.

म्हणून प्रत्येक डोमेनमध्ये त्याच डोमेनचा सदस्य असलेला एक कलेक्टर ठेवा. कोणी त्याला प्रोब म्हणतं, कोणी पोलर, कोणी गेटवे. आतल्या मशीनना तोच विचारतो आणि फक्त आकडे मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतो. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजर या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा गेटवे ट्रस्ट नसताना सर्टिफिकेटवर ओळख पटवतो आणि त्याला बाहेर जायला एकच पोर्ट लागतं, ५७२३. झॅबिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एजंट, म्हणजे मोजमाप घेणारा छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक मशीनवर स्थानिक सर्व्हिस म्हणून चालतो, त्यामुळे नेहमीच्या मोजमापांसाठी विंडोजचा पासवर्ड कुठेच साठवावा लागत नाही. फायरवॉलवाल्यांनाही हे आवडेल, कारण डब्ल्यूएमआयसाठी (विंडोज मशीनला दुरून माहिती विचारायची सोय) पोर्ट १३५ आणि ४९१५२ ते ६५५३५ ही अख्खी रांग दोन डोमेनमध्ये उघडी ठेवायची गरज उरत नाही.

एजंट न टाकता डब्ल्यूएमआयनेच विचारायचं असेल, तर कलेक्टरची सर्व्हिस ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटवर चालवा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. त्याचा पासवर्ड डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनमधली लॉगिन तपासणारा सर्व्हरच ठरवतो, काही वेगळं सांगितलं नसेल तर ३० दिवसांनी बदलतो, आणि तो कोणा माणसाला टाइप करावा लागत नाही. ट्रस्ट नाही याचा अर्थ तुमची तीन वेगळी फॉरेस्ट (डोमेनचे स्वतंत्र गट) आहेत, तेव्हा केडीएस रूट की, म्हणजे हे पासवर्ड ज्यावरून बनतात ती मूळ किल्ली, प्रत्येकीत स्वतंत्र बनवावी लागेल. ती बनवल्यावर १० तास थांबावं लागतं, हे कामाच्या वेळापत्रकात धरा. तुमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हिसचं लॉगिन वापरून विचारू देतं का, हे मात्र आधी तपासा. काही सॉफ्टवेअर नाव आणि पासवर्ड भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. तसं असेल तर प्रत्येक डोमेनमध्ये साधं पण वेगळं अकाउंट करा.

आता हक्कांकडे येतो, कारण खरा घोळ इथेच होतो. अ‍ॅडमिन हक्क दिले की सगळं चालतं, म्हणून सगळे तेच देतात. खरं तर परफॉर्मन्स मॉनिटर युझर्स, डिस्ट्रिब्युटेड कॉम युझर्स आणि इव्हेंट लॉग रीडर्स या तीन स्थानिक ग्रुपमध्ये बरंच काम भागतं. ही भरती ग्रुप पॉलिसीने (डोमेनभर एकदम सेटिंग लावायची सोय) करा. त्याशिवाय डब्ल्यूएमआयच्या सीआयएमव्ही२ नेमस्पेसवर (माहितीच्या विभागावर) एनेबल अकाउंट आणि रिमोट एनेबल हे दोन हक्क लागतात, ते स्क्रिप्टने द्यावे लागतील. एवढं करूनही सीपीयू, मेमरी दिसते आणि सर्व्हिसेसची यादी मात्र रिकामी येते. तिथे वैतागून लोक पुन्हा अ‍ॅडमिन हक्क देतात. कृपया देऊ नका. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर या सर्व्हिसेस चालवणाऱ्या विंडोजच्या भागाचं स्वतःचं परवानगीपत्रक असतं आणि ते अ‍ॅडमिन नसलेल्याला दुरून यादी वाचू देत नाही. विंडोजच्या एससी कमांडमधल्या एसडीसेटने त्यात तुमच्या ग्रुपला वाचनाचा हक्क जोडता येतो. पण एसडीसेट जुनं पत्रक पुसून पूर्ण नवं लिहितं, म्हणून आधी एसडीशोने जुनं काढून जपून ठेवा आणि त्यातच भर घाला. डोमेन कंट्रोलरवर वेगळे स्थानिक ग्रुप नसतात. तिथे बिल्टइन ग्रुपमध्ये घातलेलं अकाउंट त्या डोमेनच्या सगळ्या कंट्रोलरवर लागू होतं. या अकाउंटला समोर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करायला पॉलिसीतून मनाईही करा.

एकच नाव सगळीकडे ठेवू नका, हे मी स्वतः पोळून सांगतोय. आमच्याकडे दोन डोमेनमध्ये एकाच नावाचं अकाउंट होतं, पासवर्ड वेगळे, आणि नाव डोमेनशिवाय नुसतंच भरलेलं. दुसऱ्या डोमेनचा एक नवा सर्व्हर चुकून पहिल्या डोमेनच्या फोल्डरखाली जोडला गेला आणि त्याने तिथलं लॉगिन उचललं. दुसऱ्या डोमेनच्या कंट्रोलरला दिसलं ते आपलंच अकाउंट, पण चुकीच्या पासवर्डचं. थोड्याच वेळात अकाउंट लॉक झालं आणि त्या डोमेनमधलं एकही मशीन आम्हाला दिसेना. सगळ्यांनी गेल्या महिन्यात बदललेल्या पासवर्डवर बोट ठेवलं. पण तसं सहसा होत नाही, कारण पासवर्ड हिस्टरी चालू असेल तर आधीचे दोन पासवर्ड पुन्हा आले तरी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी चुकांच्या मोजणीत ते धरत नाही. शेवटी पीडीसी एम्युलेटरवरच्या (लॉक झालेल्या अकाउंटच्या नोंदी जिथे जमा होतात तो डोमेन कंट्रोलर) ४७४० या अकाउंट लॉक झाल्याच्या इव्हेंटमध्ये विनंती कुठल्या मशीनकडून आली ते नाव मिळालं आणि गाठ सुटली. तेव्हापासून नावातच डोमेनची खूण असते आणि लॉगिन पूर्ण नावानेच भरलं जातं. ४७४० चा अलर्टही आता दुसऱ्या वाटेने येतो. आंधळ्या झालेल्या मॉनिटरिंगने स्वतःच आंधळं झाल्याचं कळवावं, ही अपेक्षा चुकीची होती.

साधी अकाउंट वापरावी लागलीच तर प्रत्येक डोमेनमध्ये दोन करा. एक चालू, एक बंद. बदलायची वेळ आली की बंद असलेल्याला नवा पासवर्ड देऊन सुरू करा, एका मशीनवर तपासा, मग सगळीकडे तेच लावा आणि जुनं बंद करा. गडबड झाली तर परतीचा रस्ता उघडा राहतो.

मशीन आयपीने जोडू नका, पूर्ण नावाने जोडा. आयपी दिला की ओळख पटवायची कर्बरोस ही पद्धत सुटते आणि जुन्या एनटीएलएमवर काम चालतं. घड्याळांमध्ये ५ मिनिटांहून जास्त फरक पडला तरी कर्बरोस नकार देतं. स्विच आणि राउटरसाठी एसएनएमपी व्ही३ (नेटवर्क उपकरणांना माहिती विचारायची पद्धत), ओळख आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू ठेवून. लिनक्सवर प्रत्येक कलेक्टरची वेगळी एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची लॉगिनची किल्ली), आणि ती त्या कलेक्टरच्याच आयपीवरून चालेल अशी बांधलेली.

सुरुवात सगळ्यात लहान डोमेनपासून करा. कलेक्टर चालला की जुनं अकाउंट आधी डोमेन अ‍ॅडमिन्समधून काढा आणि काय काय बंद पडतं ते बघा. मग ते डिसेबल करा, पण डिलीट करू नका. महिनाभर त्या नावाचे ४६२५ (लॉगिन फसल्याचे) इव्हेंट गोळा करा. बॅकअपच्या कामात किंवा एखाद्या विसरलेल्या शेड्युल्ड टास्कमध्ये कोणीतरी हेच लॉगिन वापरलेलं असतं, आणि ते कुठे आहे हे तेव्हाच कळतं.