तात्या पाणीच पीत नव्हते

"ताई, प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं की माणूस बायकोच्या कामाचा राहत नाही म्हणे, खरंय का?" प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची, लघवीच्या मार्गाभोवतीची ग्रंथी. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक पेशंटच्या मनात हा प्रश्न असतो, तोंडावर मात्र क्वचितच कुणी आणतं.

मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका युरोलॉजी (मूत्रविकार) क्लिनिकमध्ये समुपदेशन करते. आमचे डॉक्टर एमएस (सर्जरी) झाल्यावर अजून तीन वर्षं एमसीएच, म्हणजे युरोलॉजीचं खास शिक्षण, करून आलेले, आणि सुरुवातीपासूनच त्यांना एक गोष्ट खटकायची की लोक येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, लघवी पूर्ण अडली, कॅथेटर (लघवीची नळी) टाकला, मग धावपळ. मशीन असून काय उपयोग, माणूस दारातच लाजून परत फिरला तर? म्हणून त्यांनी आधी एक खोली बाजूला काढली, दार बंद होणारी, बाहेर कसलीही पाटी नसलेली. तिथे मी बसते.

तात्या (नाव आणि बाकी तपशील बदललेत) निफाडकडचे, द्राक्षबाग, वय सहासष्ट. मुलगा घेऊन आला होता. लग्नात सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून गोळी घेतली आणि रात्री लघवी बंदच! प्रोस्टेट वाढलेलं असेल तर नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी असं होतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिकडच्या दवाखान्यात नळी टाकली तेव्हा जवळपास लिटरभर लघवी निघाली.

मुलाला मी चहाला पाठवलं, तेव्हा कुठे ते बोलायला लागले. चार वर्षांपासून रात्री तीन-चारदा उठणं, धार बारीक, जोर लावून लावून करायची आणि तरी पोट मोकळं वाटत नाही. एसटीनं जायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी बंद. लेकीच्या घरी वणीला जाणं सोडलं, कारण वाटेत कुठे उतरायचं हीच धास्ती. ट्रॅक्टरच्या सीटखाली एक प्लास्टिकची बाटली ठेवलेली, ती सांगताना त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिचीच घडी घालत बसले.

आठवडाभर गोळ्या दिल्या, नळी काढली, लघवी सुरू झाली पण कशीबशी. युरोफ्लो म्हणजे त्या फनेलमध्ये लघवी करायची, मशीन वेग मोजतं. साधारण सेकंदाला 15 मिलीच्या वर धार असली तर बरी मानतात, यांची 6 आली, आणि सोनोग्राफीत लघवी केल्यावरही 200 मिलीच्या वर मागे उरलेली. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन) थोडा वाढलेला, त्यावरून घरी "कॅन्सर" म्हणून रडारड झाली होती. साध्या वाढीनं किंवा इन्फेक्शननंही पीएसए वाढतो, नळी टाकल्यावरही वाढतो, म्हणून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी परत तपासला, तेव्हा तो खाली आलेला होता.

ऑपरेशन सुचवलं आणि तात्या गप्प. मग वरचा प्रश्न.

मी खोटा धीर देत नाही, कारण एकदा फसवलेला माणूस परत येत नाही. सांगितलं, पोटावर टाका नाही, दुर्बीण लघवीच्या मार्गातूनच जाते आणि आतून वाढलेला भाग काढतात. ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते. पण बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं, त्यानं अपाय नाही, सुख जात नाही, फक्त मूल हवं असलेल्यानं आधी बोलावं. तात्या बराच वेळ पंख्याकडे बघत होते, मग म्हणाले, "हे हिला पण सांगा, मला जमायचं नाही."

म्हणून पुढच्या खेपेला काकूंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, तात्यांना म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला साखर झालीय, म्हणून रात्री मी पण जागीच राहायची." ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी युरोफ्लो 19, आणि तात्यांनी माझ्यासमोर तांब्याभर पाणी बिनधास्त पिऊन दाखवलं.

ते फाईल घ्यायला काउंटरवर गेले तरी काकू उठेनात. पदर बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "ताई, हा डॉक्टर फक्त बाप्यांचाच का? मला खोकलं की थेंब थेंब होतं, तीन वर्षं झाली." मी उठून दार लावलं आणि नवीन केसपेपर काढला.