व्यावसायिक आइस हॉकीतल्या डिफेन्समनचं आयुष्य नेमकं कसं असतं? व्हिडिओत तर फक्त मारामारीच दिसते.

तुम्ही पाहिलेली मारामारी खोटी नाही. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या लीगमध्ये आजही दोघे हातमोजे फेकून एकमेकांवर तुटून पडतात आणि पंच दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात. पण डिफेन्समनच्या रोजच्या कामात या प्रकाराला फार थोडी जागा आहे. त्याचं खरं काम छोट्या व्हिडिओत येतच नाही, कारण ते नीट झालं की पडद्यावर काही घडत नाही. गोल होत नाही, जल्लोष होत नाही, समोरचा खेळाडू कडेला जाऊन अडकतो आणि खेळ पुढे सरकतो.

मी टोरंटोत राहतो. माझी मुलगी इथल्या मुलींच्या लीगमध्ये डिफेन्सला खेळते, त्यामुळे हा खेळ मी टीव्हीपेक्षा रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेला नाक लावून जास्त पाहिलाय. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात: एक गोलकीपर, चढाई करणारे तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. एनएचएलचं रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. समोरचा फॉरवर्ड पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, घेऊन सुसाट येतो तेव्हा डिफेन्समन त्याच्याकडे तोंड ठेवून उलटा स्केटिंग करत मागे जात असतो, आणि तेही जवळजवळ तितक्याच वेगानं. अंतर फार ठेवलं तर समोरच्याला फटका मारायला जागा मिळते, फार कमी केलं तर तो बगलेतून निसटतो. नजर पकवर ठेवायची नाही, माणसाच्या छातीवर ठेवायची. हात, स्टिक, पक सगळं हुलकावणी देतं, पण छाती जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. मुलींचा कोच दर सरावाला एकच गोष्ट ओरडत असतो: "मधली जागा देऊ नका, भिंतीकडे ढकला!" गोलासमोरच्या पट्ट्यातून मारलेला फटका घातक, कडेच्या अरुंद कोनातून मारलेला गोलकीपर बहुतेक वेळा अडवतो. कबड्डीत चढाईपटूला हव्या त्या बाजूला जाऊ न देता कोंडणारा कोपरारक्षक असतो ना, त्याच जातीचं हे काम. सामना संपल्यावर पालक एकमेकांना "तुमच्या मुलीनं किती गोल केले?" असं विचारतात. डिफेन्सच्या मुलींच्या आईबापांना या प्रश्नाला उत्तरच नसतं.

व्यावसायिक पातळीवर संघ साधारण सहा डिफेन्समन घेऊन उतरतो, दोघादोघांच्या तीन जोड्या. एका वेळी पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळायचं, की बाकावर, की पुन्हा आत. पहिल्या जोडीतला माणूस 60 मिनिटांच्या सामन्यात 25 मिनिटांच्या आसपास बर्फावर असतो. नियमित हंगामात 80 हून जास्त सामने असतात, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचे सामने वेगळे, आणि त्यातले निम्मे सामने परगावी. ऑक्टोबर ते एप्रिल म्हणजे विमान, हॉटेल, बर्फ.

आणि फटके अंगावर घेणं. पक ही टणक रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती, वजन 160-170 ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरकस फटक्यात ती सहज ताशी 140 किलोमीटरच्या पुढे जाते. डिफेन्समन तिच्या वाटेतून बाजूला होत नाही, तो मुद्दाम गुडघ्यावर बसून किंवा आडवा पडून मध्ये येतो. काचेजवळ उभं राहून एकदा तो आवाज ऐका. घोट्यावर पक बसल्याचा आवाज, मग तो माणूस एका पायावर लंगडत उठतो आणि पुन्हा आपल्या जागेवर जातो, कारण पक अजून आपल्याच गोलाजवळ आहे.

आता आयुष्य कसं असतं हे मी एका माणसावरून सांगतो, कारण सरासरी काढून सांगण्यात अर्थ नाही. बोर्ये साल्मिंग. बॉबी ऑर किंवा निक्लस लिडस्ट्रॉम यांना बहुतेक जण वरच्या पायरीवर बसवतील, त्याबद्दल माझा वाद नाही. पण या पेशात शरीर आणि मन काय काय सोसतं हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते साल्मिंगसारखा दुसरा माणूस नाही.

जन्म 17 एप्रिल 1951, स्वीडनच्या अगदी उत्तर टोकाला, किरुना या लोहखनिजाच्या खाणीच्या गावाजवळ. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, जिथे ऐन हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. वडिलांकडून तो सामी, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासी समाजातला. पाच वर्षांचा असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, त्याच्या मागोमाग हाही. पुढे दोघे येवले शहराच्या ब्रीनेस या क्लबकडून खेळले आणि 1971 आणि 1972 या दोन्ही वर्षी बोर्ये स्वीडनच्या विजेत्या संघात होता.

तेव्हा एनएचएलमध्ये युरोपचे खेळाडू जवळपास नव्हतेच. स्वीडिश माणूस स्केटिंग छान करतो, पण धक्का बसला की मागे हटतो, असं कॅनडात उघड बोललं जायचं. 1972 च्या नाताळात टोरंटो मेपल लीफ्स या एनएचएल संघासाठी खेळाडू शोधणारे गेरी मॅकनमारा स्वीडनला गेले ते खरं तर एक गोलकीपर पाहायला. तो खेळत नव्हता, म्हणून ते ब्रीनेसचा कॅनडातल्या एका पाहुण्या संघाशी होणारा सामना पाहायला गेले. तिथे त्यांना साल्मिंग आणि फॉरवर्ड इंगे हामारस्ट्रॉम दिसले. 1973 च्या शरदात दोघेही टोरंटोत दाखल झाले.

दुसराच सामना फिलाडेल्फियात. त्या काळचा फिलाडेल्फिया फ्लायर्स संघ दहशतीसाठीच ओळखला जायचा. साल्मिंगला स्टिकचे फटके, कोपरं, शिव्या, सगळं मिळालं, आणि त्यांचा नावाजलेला मारामारी करणारा डेव्ह शुल्ट्झ त्याच्याशी भिडला. साल्मिंग मारामारीत पटाईत नव्हता, पण मागेही हटला नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. त्याला लोळवून घाबरवायचं ठरलं होतं, आणि त्यानं दिलेलं खरं उत्तर मुठीनं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढची कैक वर्षं त्याच कोपऱ्यात पक काढायला जात राहिला. हामारस्ट्रॉमच्या वाट्याला मात्र फार कडवट बोल आले. संघाचे मालक हॅरल्ड बॅलार्ड त्याच्याबद्दल म्हणाले की हा खिशात अर्धा डझन अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटणार नाही. स्वतःच्या खेळाडूबद्दल मालक असं जाहीर बोलतो, याचा मला आजही राग येतो. हामारस्ट्रॉम चांगला खेळाडू होता, आणि 1977 मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं.

साल्मिंगचा खेळ तोवर बहरला होता. शरीर सडपातळ, पाय लांब. फटके अडवायला तो ज्या तऱ्हेनं झेप घ्यायचा, ते टोरंटोच्या जुन्या प्रेक्षकांना अजून आठवतं. पण तो फक्त अडवणारा नव्हता. पक हिसकावून स्वतः पुढे घेऊन जायचा आणि अचूक पास द्यायचा. जोडीदार असायचा इयन टर्नबुल, तोही पुढे धावणारा. एक पुढे गेला की दुसऱ्यानं मागे थांबायचं, ही समज नसली तर अशी जोडी संघाला बुडवते. 1976-77 च्या हंगामात साल्मिंगनं 12 गोल आणि 66 असिस्ट (ज्यातून गोल होतो असे पास) केले. 1975 ते 1980 अशी सलग सहा वर्षं तो लीगच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ऑल-स्टार संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला. सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणाऱ्या नॉरिस ट्रॉफीच्या मतदानात 1977 आणि 1980 मध्ये दुसरा आला, दोन्ही वेळा लॅरी रॉबिन्सनच्या मागे.

1976 च्या कॅनडा कप या देशादेशांमधल्या स्पर्धेत तो स्वीडनच्या जर्सीत टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये उतरला. नाव पुकारलं गेलं आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं, पाहुण्या संघातल्या माणसासाठी. तीनच वर्षांपूर्वी याच देशात स्वीडिश खेळाडूंना भित्रे म्हणून हिणवलं जात होतं.

शरीरानं मात्र किंमत मोजली. 1978 च्या प्लेऑफमध्ये चेहऱ्यावर स्टिक लागून तो मालिकेतून बाहेर गेला. नोव्हेंबर 1986 मध्ये गोलासमोरच्या झटापटीत तो खाली पडला आणि डेट्रॉइटच्या जेरार्ड गॅलंटच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. मुद्दाम नव्हतं, तोल जाऊन झालं. डोळ्याजवळून तोंडापर्यंत चेहरा फाटला, 200 हून जास्त टाके पडले. तो पुन्हा खेळला. त्याच वर्षी, पूर्वी कोकेन घेतल्याची कबुली त्यानं दिल्यावर लीगनं त्याला आठ सामन्यांसाठी निलंबित केलं होतं. हेही सांगायला हवं, कारण नुसता गौरव लिहिला तर माणूस हातातून सुटतो.

टोरंटोत 16 हंगाम, 1,099 सामने. त्यातले त्याचे 620 असिस्ट हा मेपल लीफ्सच्या इतिहासातला विक्रम आहे. 1989-90 चा एक हंगाम डेट्रॉइटला, मग मायदेशी स्टॉकहोमच्या एआयके क्लबकडे. 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये तो चाळिशीत स्वीडनकडून खेळला. स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, त्याला कधीच मिळाला नाही. संघच तसा होता. मेपल लीफ्सनं तो शेवटचा जिंकला 1967 मध्ये. माझ्या लेखी यानं साल्मिंगची उंची तसूभरही कमी होत नाही. डिफेन्समन एकटा कप जिंकून देऊ शकत नाही. 1996 मध्ये तो हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला स्वीडिश खेळाडू ठरला, आणि त्याचा 21 नंबर आता टोरंटोत कोणी घालत नाही.

त्याच्या मागून आलेली माणसं पाहिली की त्यानं काय केलं ते कळतं. लिडस्ट्रॉमनं नॉरिस ट्रॉफी सात वेळा जिंकली, एरिक कार्लसननं तीनदा, व्हिक्टर हेडमननं 2018 मध्ये. सगळे स्वीडिश, सगळे डिफेन्समन.

ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झालं की साल्मिंगला एएलएस झालाय. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी निकामी होत जातात, आणि त्यावर बरं करणारा उपाय नाही. नोव्हेंबरमध्ये तो कुटुंबासह टोरंटोला आला. बोलणं तोवर गेलं होतं. बर्फावर त्याच्या शेजारी जुना कर्णधार डॅरिल सिटलर उभा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साल्मिंगला हात उचलता येत नव्हता, म्हणून सिटलरनं तो प्रेक्षकांसाठी उचलला. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात मेपल लीफ्सनं सुरुवातीचे सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश उतरवले. त्या आठवड्यात इथे दुकानात, बसमध्ये, ऑफिसात दुसरा विषय नव्हता. 24 नोव्हेंबर 2022 ला तो गेला, वय 71.

तुम्ही विचारलेलं आयुष्य असं असतं. सगळ्यांचं इतकं लांब नसतं. दोन-तीन हंगामांत गुडघा किंवा डोक्याला बसलेला मार ज्यांची कारकीर्द संपवतो, अशीही माणसं आहेत. पैसा आज भरपूर आहे, पण तो वरच्या लीगमध्ये टिकलेल्यांना. खालच्या लीगमध्ये रात्रभर बसचा प्रवास करून खेळणारेही हेच काम करतात आणि अंगावर तेच फटके घेतात.

मारामारीचे व्हिडिओ सोडून एखादा पूर्ण सामना लावून बघा. हेडमन खेळत असेल तर उत्तम. पहिली दहा मिनिटं पककडे बघूच नका, त्याच्या पायांकडे बघा. समोरचा कधी वळतो, हा उलटा जाताना कोणत्या बाजूची जागा उघडी ठेवतो, आणि ती त्यानं मुद्दाम ठेवलीय हे समोरच्याला कधी कळतं, तेवढं टिपा. काही अडलं तर खाली विचारा, मला या विषयावर बोलायला आवडतं.