मेमो हातात आला तर

अगं, वॉर्डात औषध देताना चूक झाली आणि मेमो, म्हणजे खुलासा मागणारी नोटीस, आला म्हणजे नर्सची नोकरी गेली असं नाही. आधी एक कर, केसपेपरला हात लावू नकोस. राहिलेली नोंद करायचीच असेल तर आत्ताची तारीख-वेळ टाक आणि 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिही. जुन्या ओळीत खाडाखोड केलीस की साधी चूकही लपवाछपवी ठरते, आणि चौकशीत तीच जास्त महागात पडते. उत्तरात काय घडलं, किती वाजता, कोणाला कळवलं एवढंच, रडगाणं नको. प्रत जवळ ठेव. पुढे काही दिवस देखरेखीखाली औषधं द्यायला लावतील. अपमान वाटतो, मलाही वाटला होता. पण इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायची सवय मला तिथेच लागली. आणि घाईत राजीनामा देऊ नकोस. त्याने चौकशी थांबतेच असं नाही.