स्वस्तात रंगवा खुशाल, पण रंग बदलू नका

जुन्या गाडीला स्वस्तातला रंग परवडतो का, हा तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा. २०११ ची अल्टो, मूळ रंग सिल्व्हर, बॉनेट आणि टपाचे पापुद्रे निघालेत, ओळखीचा गॅरेजवाला पूर्ण बॉडी १८ हजारांत करून देतो म्हणतोय, "आणि पांढरा मारला तर २ हजार कमी". हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते. हेच वाक्य मी नोव्हेंबर २०२२ मध्ये रत्नागिरीत एका पत्र्याच्या शेडखाली उभी राहून ऐकलं होतं आणि "वा, बरं झालं" म्हणाले होते.

आधीच सांगते, मी शाळेत भूगोल शिकवते. मेकॅनिक नाही, वकील नाही, आरटीओतली तर नाहीच नाही. प्रत्येक जिल्ह्यातली पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा तुमच्याकडे चौकशी करूनच काय ते ठरवा.

स्वस्तातला रंग परवडतो का? माझ्या मते परवडतो. गाडी जुनी असेल, विकायची नसेल आणि पत्रा मुळात ठणठणीत असेल तर जरूर परवडतो. माझी २००८ ची वॅगन आर, नारळाखाली उभी असायची. झावळी पडून टपाला पोचा, खाऱ्या वाऱ्याने चाकांच्या कमानीला गंज, आणि बॉनेटवरची लॅकर सनमायका सुटावा तशी सुटलेली. सर्व्हिस सेंटरचा आकडा होता ५२ हजार. तेव्हा गाडीला सगळे मिळून ८० हजार आले असते. ८० हजारांच्या गाडीला ५२ हजारांचा रंग कोण देतो? गॅरेजवाल्याने सिल्व्हरचे १९ हजार सांगितले आणि पांढऱ्याचे साडेसोळा.

पांढरा स्वस्त का, हे त्याने मला नीट समजावलं होतं आणि ते खरंही आहे. सिल्व्हर मेटॅलिक असतो. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते स्प्रे गनच्या दाबाप्रमाणे, हाताच्या वेगाप्रमाणे आडवे-उभे बसतात आणि दार एका छटेचं, फेंडर दुसऱ्या छटेचं दिसतं. शिवाय आधी बेस म्हणजे रंगाचा थर, मग वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, असे दोन टप्पे. साधा पांढरा एका टप्प्यात होतो, मॅचिंगची कटकट नाही, उद्या टचअप करायचा झाला तरी सोपा. माणूस प्रामाणिक होता, काम चांगलं केलं, पैसे ठरले तेवढेच घेतले. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, गाडीचा रंग लिहिलेला असतो हे त्याने सांगितलं नाही, आणि माझ्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरत होते, पण त्यावरचा नंबर सोडून दुसरं काही कधी वाचलंच नव्हतं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. माझी जुलै २०२३ मध्ये संपत होती. मुदत संपायला साठ दिवस उरले की मगच अर्ज घेतात, म्हणून जूनमध्ये नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरला, ५ हजार फी भरली (एप्रिल २०२२ च्या आधी हीच फी ६०० होती, ते दुःख वेगळं) आणि गाडी तपासणीला नेली. तपासणारे साहेब सौम्य बोलणारे होते. त्यांनी कार्ड पाहिलं, गाडी पाहिली, परत कार्ड पाहिलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवर बोट ठेवलं. स्वस्तातल्या कामात दाराच्या आतल्या कडा रंगवत नाहीत. आत सगळं सिल्व्हर.

"मॅडम, ही गाडी नक्की कुठल्या रंगाची?"

मी म्हटलं, "बाहेरून पांढरी."

तेही हसले. पण सही केली नाही. आधी रंगबदलाची नोंद करून आणा, मग नूतनीकरण. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नोंद करणं तसं काही अवघड काम नाही. अर्ज, फी, तपासणी, नवं कार्ड. पण अर्ज भरताना खिडकीवरच्या बाईंनी दाखवलं की कार्डावर अजून बँकेचा बोजा आहे. गाडीवर कर्जाची नोंद असेल तर असल्या बदलाला कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. कर्ज मी २०१३ मध्ये फेडलं होतं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी पेढे वाटले होते आणि बोजा उतरवायचा विसरले होते.

तर खरी चूक ही. रंग हे निमित्त झालं.

आता बँक. नाव घेत नाही, कारण नाव घेऊन उपयोग नाही. मधल्या काळात ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाटीही बदलली. मी शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने खाते क्रमांक टाकला.

"मॅडम, हे लोन सिस्टीममध्ये दिसतच नाही."

"म्हणजे फिटलं ना?"

"फिटलं असतं तर क्लोज्ड दिसलं असतं. हे दिसतच नाही."

"मग बाकी पण नाही ना?"

"बाकी कशी असेल? लोनच नाही."

"मग तसं लिहून द्या."

"जे लोन नाही त्याची एनओसी कशी देणार?"

भूगोलाच्या तासाला आठवीची मुलं असे प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना उभं करते. इथे मीच उभी होते. मॅनेजर म्हणाले, जुनी कागदपत्रं कोल्हापूरच्या कार्यालयात गेली, तिथे विचारा. कोल्हापूरला फोन लावला तर, "शाखेकडून मेल येऊ दे." शाखेत परत गेले तर, "मेल केलाय." कोल्हापूरला, "मेल आलेला नाही." पत्र्याच्या पेटीतलं जुनं पासबुक शोधून काढलं, त्यात शेवटच्या हप्त्याची नोंद अगदी ठसठशीत, तर "हे जुन्या बँकेचं पासबुक आहे." अहो, कर्ज पण जुन्याच बँकेचं होतं!

तोवर जुलै उजाडून नोंदणीची मुदत संपली. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणून कोल्हापूरला एसटीने. साखरपा, आंबा घाट, मलकापूर, भर पावसात, शाळेची सीएल (किरकोळ रजा) टाकून, तीनदा. पांढरी शुभ्र गाडी घरी ताडपत्रीखाली. दोनदा परत पाठवलं: एकदा संबंधित साहेब रजेवर, एकदा पॅनची झेरॉक्स साक्षांकित नव्हती.

इथे मी जे शहाणपण उशिरा केलं ते तुम्ही पहिल्या दिवशी करा. तोंडी विचारत फिरू नका. दोन प्रतींत लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच जपून ठेवा. मी ऑगस्टच्या सुरुवातीला तशी लेखी तक्रार केली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी एकच योजना आहे, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील नको. एकतिसाव्या दिवशी मी ती तक्रार टाकली. दोन आठवड्यांत शाखेतूनच फोन. तोच मुलगा. "मॅडम, तुमची एनओसी तयार आहे." जे कर्ज नव्हतंच ते फिटल्याचा दाखला आणि सही-शिक्क्यासह बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती, सगळं एका पाकिटात. चहा पण विचारला. मी घेतला नाही, आणि त्याचा आता थोडा पस्तावा होतो, कारण पोराची काही चूक नव्हती.

पुढे बोजा उतरवणं, रंगाची नोंद आणि नूतनीकरण ऑक्टोबरअखेर झालं. उशिराबद्दल महिन्याला ५०० प्रमाणे २ हजार वेगळे. अडीच हजार वाचवले होते, त्यातले दोन इथेच गेले. एसटी, झेरॉक्स, नवं कार्ड, बुडालेल्या सीएल यांचा हिशेब मी घरात कुणाला सांगितलेला नाही. मधे एकदा वाटलं होतं की सरळ परत सिल्व्हर मारून घ्यावा, विषय संपेल. पेंटरने २० हजार सांगितले.

तर आता तुमच्या अल्टोबद्दल. सिल्व्हरच करा. छटेत उन्नीस-बीस फरक राहील, राहू दे. पूर्ण बॉडी करताय तर तसाही फारसा जाणवत नाही, एकेकटं दार रंगवलं की जाणवतो. पांढऱ्याचा फारच मोह असेल तर आधी आरटीओत विचारा, मग रंगवा, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पेंटरला विचारायच्या गोष्टी मोजक्याच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारणार की पीयू (पॉलियुरेथेन)? एनसी स्वस्त, झटकन वाळतो, पण चकाकी टिकत नाही आणि दमट हवेत मारला तर वर पांढुरकं धुकं धरतं. पीयूमध्ये हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) असतो, म्हणून पीयू टिकतो. १८ हजारांत पीयू बसतो का बघा, घासाघीस त्यावर करा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये कुठलाच रंग देऊ नका, दिवाळीनंतरचा मुहूर्त धरा. हँडल, बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी), टेललाइट काढून रंगवणार की वर्तमानपत्र चिकटवून, हेही विचारा. माझ्या गाडीला पापुद्रे परत सुटायला सुरुवात झाली ती मागच्या काचेच्या बीडिंगच्या कडेपासूनच, दीड वर्षात.

गंज असेल तर तो कापून पत्रा जोडायला सांगा. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला की पहिला पावसाळा छान जातो, दुसऱ्यात फोड येतात. फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा. रनिंग बोर्ड (दाराखालचा पत्रा) आणि चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे आत लांबीचा गोळा आहे. (प्लास्टिकच्या बंपरवर चुंबक लावून पेंटरशी भांडू नका. मी भांडलेय.)

आणि एक, "सगळा रंग पत्र्यापर्यंत घासून काढतो" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर नको म्हणा. कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने जो पहिला थर चढवतात, गंजापासून खरं संरक्षण त्याचं. तो कुठल्याही गॅरेजात परत चढत नाही. वरचा सुटलेला भाग घासावा, घट्ट बसलेला तसाच ठेवून खडबडीत करावा, बस.

विम्यातून करता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. ऊन खाऊन गेलेला रंग विम्यात येत नाही. कुणी ठोकली असेल तर येतो, पण झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात आणि वर तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो ५० टक्क्यांवर पोचला असेल तर एका दारासाठी घालवू नका.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या शेडमध्ये गन मारणारा पोरगा तोंडाला ओला रुमाल बांधून उभा होता. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. ओल्या रुमालाने ते अडत नाही. मालकाला म्हटलं तर म्हणाला, "त्याला सवय आहे." आपण १८ हजारांत रंग मागतो तेव्हा ते पैसे कुठून वाचतात हे तिथे उभं राहिलं की दिसतं. निदान चांगल्या मास्कचे पैसे वेगळे देऊन या. मी नाही दिले, सुचलंच नाही.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा संरक्षक थर) कुणी गळ्यात मारायला आलं तर या रंगावर घालू नका. महिनाभर गाडी नुसत्या पाण्याने धुवा, पॉलिश नको, भांड्याचा साबण कधीच नको.

बिलावर रंगाचा कोड आणि पीयू असं लिहून घ्या. आणि ॲडव्हान्स द्यायच्या आधी ते आरसी कार्ड बाहेर काढा, रंगाच्या रकान्यात काय आहे आणि अजून कुठल्या बँकेचं नाव बसलंय का ते बघून इथे लिहा. तुमच्याही गाडीची पंधरा वर्षं भरत आलीत. बँकेचं नाव निघालं तर अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, पाठवते.