त्याच जागी आणखी कोण बसतं?

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. पोस्टर मिळालं. तुझ्या आईने आधीच फोनवर सांगितलं होतं, ‘तिचे डॉट चमकतात म्हणे, तू बघ गं जरा.’ बघितले. कढीपत्त्यापासून केलेले कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, यूव्हीखाली निळे, आणि फेरिक लोहाचं द्रावण घातलं की विझतात, म्हणून तो तुझा लोह ओळखायचा सेन्सर. फोटो देखणा आलाय. लोह वाढलं की चमक किती घटते, त्या आलेखातली सरळ रेषा तर इतकी सरळ आहे की मला थोडी भीतीच वाटली.

तू विचारलं आहेस, ‘मावशी, पेपर होईल ना?’ होईल. असले पेपर खूप होतात. पण तुला सेन्सर करायचाय की पेपर, हे आधी ठरव, कारण त्यावर माझं उत्तर बदलतं.

उद्या एक काम कर. दोन क्युवेट घे, त्या मोजमापाच्या छोट्या पारदर्शक कुप्या. एकात नुसते डॉट, दुसऱ्यात नुसतं लोहाचं द्रावण. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. लोहाची क्युवेट पुढे धर, डॉटची मागे, आणि समोरून यूव्ही टॉर्च मार. मिसळल्यावर विझतात तितकेच डॉट इथेही मंद दिसले तर समज, तुझं लोह डॉटला चिकटत-बिकटत नाहीये. ते फक्त उन्हात छत्री धरून उभं आहे. फेरिक लोह ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतःच गिळतं, आणि तू डॉट उजळवतेस तोही नेमका त्याच प्रकाशाने. मग तांबूस-पिवळं, यूव्ही गिळणारं काहीही घातलंस तरी तुझा ‘लोह-सेन्सर’ विझणार. चहा घालून बघ हवा तर.

मी हे टोचून बोलत नाहीये. मी स्वतः याच खड्ड्यात पडलेय.

नोकरीची पहिली वर्षं होती. आमच्या प्रयोगशाळेत एक्सआरएफ यंत्र होतं: नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत देतं ते मोजायचे. हळदीची पूड छोट्या कपात भरायची, वर पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, झाकण लावायचं, दोन मिनिटांत पडद्यावरच्या आलेखात पीकं, म्हणजे उंच टोकं, उगवतात. (शेतातली नव्हे. पण सांगलीत ‘हळदीचं पीक’ म्हटलं की प्रत्येक वेळी खुलासा करावा लागायचा.) एका नमुन्यात १०.५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला दणदणीत पीक आलं. सॉफ्टवेअरने यादी दिली: शिसं, आणि खाली आर्सेनिक. मी दोन्ही आकडे रिपोर्टात उतरवले. हळदीत आर्सेनिक! मला तर मोठा शोध लागल्यासारखं झालं.

आमच्या वरिष्ठ बाईंनी रिपोर्ट बघितला, सही केली नाही. एवढंच विचारलं, ‘आर्सेनिकचं दुसरं पीक कुठाय?’

शिशाची मुख्य रेषा १०.५५ ला आणि आर्सेनिकची १०.५४ ला. यंत्राला दोघं एकाच खुर्चीवर बसलेले दिसतात. वेगळे ओळखायचे तर दुसरीकडे बघायचं: शिशाची दुसरी रेषा १२.६ ला, आर्सेनिकची ११.७ ला. माझ्या वर्णपटात १२.६ ला डोंगर होता आणि ११.७ ला सपाट माळ. आर्सेनिक नव्हतंच. शिसं इतकं होतं की सॉफ्टवेअरचं वजाबाकीचं गणित चुकलं आणि उरलेली फोड त्याने आर्सेनिकच्या ताटात वाढली. आणि ५.४ ला क्रोमियमचं पीक होतं, तिकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं. शिसं आणि क्रोमियम वजनाने साधारण ४ ला १ या प्रमाणात भेटले की संशय लेड क्रोमेटवर, म्हणजे रंगाच्या दुकानातल्या पिवळ्यावर. खरी बातमी तिथे होती, आणि मी आर्सेनिकच्या मागे धावत होते.

हे जमलं की यंत्राची ताकद किती, ते बांगलादेशात दिसलं. तिथे हळदीला झगझगीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळत. संशोधकांनी आणि तिथल्या अन्नसुरक्षा खात्याने हातात धरायचं एक्सआरएफ थेट बाजारात नेलं, व्यापाऱ्यांसमोरच पोती तपासली, दंड केले, लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. ही पद्धत अतिसंवेदनशील मुळीच नाही. तुझ्या पोस्टरवरच्या नॅनोमोलच्या (मायक्रोमोलचा हजारावा भाग) गप्पांपुढे ती अगदी ओबडधोबड. पण आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि भेसळीची हळद तिच्या कितीतरी वर जाते. तिथे ओबडधोबड पुरतं. बोअरच्या पाण्यातलं लोहही लोकांना जाणवतं ते मिलिग्रॅममध्ये. लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १८ मायक्रोमोल. तुझा डॉट त्याच्या हजारपट खालचं मोजतो म्हणून गावात कुणाला काय फरक पडणार?

रेषांचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाचं सांगते. तू सहलीला गेली होतीस ना, गाईडने सांगितलं असेल की हेलियमचा शोध इथे लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली, हे खरं. पण ज्या दोघांचं नाव या शोधाशी जोडतात, त्यातला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता, आणि इंग्रज लॉकियर होता इंग्लंडमध्ये. त्याने ती रेषा ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय बघितली. विजयदुर्गावर तो आला तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणं एकाच कट्ट्यावर येऊन बसली. मजा म्हणजे त्या रेषेचंही तेच झालं होतं. पिवळी दिसली की सोडियम, असंच सगळे धरून चालत. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. दीड नॅनोमीटरचा फरक कुणीतरी नीट मोजला, म्हणून एक नवं मूलद्रव्य हाती लागलं. नाहीतर ‘सोडियम’ लिहून सगळे जेवायला गेले असते.

हळदीतल्या मेटॅनिल यलोची, म्हणजे भेसळीच्या कृत्रिम पिवळ्या रंगाची, चाचणी तू कॉलेजात केलीच असशील. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, गुलाबी झालं, की भेसळ! पण थांब, शुद्ध हळदही तीव्र आम्लात गुलाबी होते. त्यात पाणी घालायचं. हळदीचा रंग जातो, मेटॅनिलचा राहतो. वर्गात निम्मी मुलं ही दुसरी पायरी विसरतात. हळद म्हणजे रंग बदलण्यात पटाईत. साबण लागला की डाग लाल, चुना मिसळला की कुंकू. आपल्या आज्यांना दर्शक (आम्ल-अल्कलीत रंग बदलणारा पदार्थ) म्हणजे काय हे माहीत नसेल, पण दर्शक घरात होताच.

आरोग्याच्या यंत्रात मात्र हे गमतीवर जात नाही. साखर मोजायच्या काही पट्ट्यांत असं एन्झाइम होतं की त्याला ग्लुकोज आणि माल्टोज ही दुसरी साखर यांतला फरक कळत नसे. एरवी रक्तात माल्टोज कुठे असतं? पण पोटात द्रव सोडून डायलिसिस करतात, त्यातल्या एका द्रवातल्या आयकोडेक्स्ट्रिन या पिष्टासारख्या पदार्थापासून शरीरात माल्टोज तयार होतं. पट्टी म्हणते साखर भरपूर, म्हणून इन्सुलिन देतात, आणि खरी साखर तळाला गेलेली असते. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने इशारा दिला तेव्हा अशा १३ मृत्यूंची नोंद होती. पट्टी बिघडलेली नव्हती. ती जे मोजायला केली होती तेच मोजत होती, फक्त त्या खुर्चीवर दुसरा येऊ शकतो हे दवाखान्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता तुझ्या पोस्टरची शेवटची ओळ: ‘पुढील काम: दूध व विहिरीचे पाणी.’ एका ओळीत उरकलंस, पण माझ्या मते तुझी पीएचडी त्याच ओळीत आहे. बोअरचं पाणी काढतेवेळी निवळशंख असतं, तासाभराने बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो, कारण जमिनीखालचं फेरस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं, लोह हवेत येऊन फेरिक होतं आणि खाली बसतं. तू बाटली भरून बसने प्रयोगशाळेत आणलीस आणि गाळून मोजलंस, तर लोह गाळणकागदावर आणि तुझा आकडा शून्याजवळ. बाटली भरतानाच त्यात नायट्रिक आम्ल टाक, सामू (पीएच) २ च्या खाली ने. बाटलीवर वेळ लिही. आणि डिस्टिल्ड पाण्याची एक बाटलीही त्याच बसने, तेच आम्ल घालून, फिरवून आण. रिकामी बाटली काय आकडा देते ते आधी कळू दे.

दूध तर त्याहून अवघड. चरबीचे गोळे प्रकाश उधळतात, लोह बरंचसं प्रथिनांना धरून बसलेलं असतं, डॉटला ते भेटणार कसं? वर रायबोफ्लेव्हिन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व. चक्का टांगल्यावर खाली हिरवट-पिवळं पाणी गळतं ना, तो रंग त्याचाच. ते ४४५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, आणि तुझे डॉट चमकतात ४४० ला. म्हणजे लोहाचा कण नसतानाही दूध तुझे डॉट विझवणार, आणि तुझी ती सरळ रेषा त्याला लोह म्हणणार.

पीएचडीच्या गाईडना हे सांगायला घाबरू नकोस, आणि ‘मावशी म्हणाली’ असंही सांगू नकोस. क्युवेटचा प्रयोग करून दाखव, तेवढं बास.

रविवारी श्रीखंड करतेय. चक्क्याचं पाणी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवते. येताना टॉर्च आण, आणि डॉटची एक कुपीही.

तुझी
मावशी